नर्सिंग शिकतेय आणि व्हर्टिगो पाठ सोडत नाहीये, पुढे काय करू?

अबोली_लातूर

नमस्कार. इथले आरोग्याचे धागे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) सेकंड इयरला आहे. घर लातूर जिल्ह्यात खेड्यात, कॉलेज आणि हॉस्टेल सोलापूरला. गेल्या पावसाळ्यापासून मला चक्कर सुरू झाली. दोन प्रकारची येते असं माझं मला वाटतं. एक म्हणजे रात्री उजव्या कुशीवर वळलं किंवा सलाईनची बाटली लावायला मान वर केली की अख्खी खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते पण पोटात ढवळत राहतं. दुसरी वेगळीच आहे, ती आली की चार-पाच तास जात नाही, जमीन हलल्यासारखी वाटते, वॉर्डातल्या ट्यूबलाईटकडे बघवत नाही, कोणी मोठ्याने बोललं तरी नको वाटतं. ही जास्त करून नाईट झाल्यावर येते. ऐकायला नीट येतं, कानात आवाज वगैरे नाही.

डॉक्टरांना दाखवलंय. एमआरआय नॉर्मल, शुगर थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी होतं त्याच्या गोळ्या चालू आहेत. चक्करीवर वर्टिन आणि स्टेमेटिल दिल्यात, त्या कितीतरी महिने चालूच आहेत, स्टेमेटिलने झोप येते आणि लेक्चरला डोळे मिटतात. नक्की काय झालंय ते कोणी सांगितलं नाही, फाईलवर नुसतं व्हर्टिगो लिहिलंय.

मागच्या पोस्टिंगला फिमेल मेडिकलमध्ये युरोबॅगचं (लघवीच्या पिशवीचं) आउटपुट बघायला खाली वाकले आणि उठताना तोल गेला, पलंगाचा कठडा धरला म्हणून पडले नाही. पेशंटला काही झालं नाही. पण सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या की जिला स्वतःला उभं राहता येत नाही ती पेशंटला काय उभं करणार. तेव्हापासून वॉर्डात जायचं म्हटलं की छातीत धडधडतं.

घरी मामा म्हणतोय सोडून दे, तलाठी भरतीचा अभ्यास कर. बाबा काही बोलत नाहीत पण सोयाबीनचे पैसे माझ्या फीला गेलेत हे मला माहितीय. मला हेच करायचंय हो, दुसरं काही नको वाटतं. व्हर्टिगो असलेली कोणी सिस्टर आहे का इथे? नोकरी जमते का? खरं काय ते सांगा, धीर द्यायचा म्हणून नका सांगू.

सातपुडा_सिस्टर

अबोली, मी आहे. मला मेनिअर्स आहे, म्हणजे आतल्या कानाचा चक्करीचा आजार, डाव्या कानात. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे आणि निदान झाल्यावरची सगळी वर्षं नोकरीतच गेलीत. खरं सांग म्हणालीस म्हणून खरंच सांगते.

जमतं. पण सगळ्यांना जमत नाही आणि सगळ्या वॉर्डात जमत नाही. तुला जमेल की नाही ते आज मी काय, कोणीच सांगू शकत नाही, कारण तुला काय झालंय हेच अजून कळलेलं नाही. फाईलवर व्हर्टिगो लिहिणं म्हणजे फाईलवर ताप लिहिण्यासारखं आहे. आपण वॉर्डात तापाच्या पेशंटला मलेरिया की टायफॉईड की डेंगू ते न बघता महिनोन्‌महिने पॅरासिटामॉल देतो का? नाही ना. मग स्वतःसाठी एवढ्यावर का थांबतेस.

माझं सांगते म्हणजे फरक कळेल. माझा अटॅक यायच्या आधी कान भरल्यासारखा होतो, शिट्टीसारखा आवाज वाढतो, मग गरगर आणि उलट्या, दोन-तीन तास मी कामाची नसते. पण ती आधीची सूचना मला मिळते आणि त्या जोरावर मी नोकरी करते. कान भरला की हातातलं काम सुरक्षित जागी थांबवायचं, सुई हातात असेल तर शार्प्स कंटेनरमध्ये, अर्धं भरलेलं इंजेक्शन असेल तर टाकून द्यायचं पण कुणाला दिलंय की नाही याबद्दल शंका ठेवायची नाही, शेजारच्या सिस्टरला तोंडी हँडओव्हर आणि मग जमिनीवर किंवा खुर्चीत बसायचं. "अजून पाच मिनिटं काढते" असं कधीच करायचं नाही. माझ्या सगळ्या कलीग्जना हे माहितीय, मावशींनासुद्धा.

कॅज्युअल्टीत होते, बदली मागून घेऊन ती सोडली. तिथे धावपळ असते आणि मध्येच बसायची सोय नसते. आता इन्फेक्शन कंट्रोल बघते. राऊंड घ्यायचे, हँड हायजीनचं ऑडिट, बायोमेडिकल वेस्टचं बघायचं, कल्चर रिपोर्टचा हिशोब ठेवायचा, नवीन स्टाफला ट्रेनिंग द्यायचं. हे काम कमी दर्जाचं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) मिळवायचं तर हॉस्पिटलला इन्फेक्शन कंट्रोल नर्स नेमावीच लागते, आणि चांगलं काम केलं तर आयसीयूतली कितीतरी माणसं त्यामुळे वाचतात.

मीठ कमी केलं, लोणचं-पापड बंद, झोपेची वेळ पाळते. तुझ्या लक्षणांवरून तुझं मेनिअर्स वाटत नाही मला, पण मी डॉक्टर नाही. कानगोष्ट मॅडम इथे असतात, त्या बघतीलच.

आणि त्या सिस्टर जे बोलल्या ते चुकीचंच बोलल्या. पोरगी तोल जाऊन पडता पडता वाचली तर आधी तिला बसवायचं असतं, पाणी द्यायचं असतं, बीपी बघायचं असतं. पेशंटला जे करतो तेच.

कानगोष्ट

सातपुडाताई, आठवण काढलीत म्हणून लगेच लिहिते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, बॅलन्सचेच पेशंट जास्त बघते. नेटवर निदान करत नाही, पण अबोलीने इतकं नीट लिहिलंय की पुढे काय तपासून घ्यायचं ते तरी सांगता येईल.

चक्करीत सगळ्यात उपयोगाचे प्रश्न दोन, किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते. तुझ्या पहिल्या प्रकाराचं उत्तर अर्धा मिनिट आणि कूस बदलल्याने किंवा मान वर केल्याने, हे बीपीपीव्हीचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. आतल्या कानात यूट्रिकल नावाचा कप्पा असतो, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक खडे असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की डोकं हललं की तिथलं द्रव नको तेवढं ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डिक्स-हॉलपाईक नावाची टेस्ट आहे, १९५२ पासूनची, तिला मशीन लागत नाही. टेबलवर बसवून मान एका बाजूला वळवून पटकन आडवं करायचं आणि डोळे बघायचे. बुबुळं ठराविक पद्धतीने उडाली की निदान पक्कं. अबोली, ही टेस्ट तुझी कुणी केली का? एमआरआयमध्ये हे खडे दिसत नाहीत, त्यामुळे तो नॉर्मल आला यात नवल नाही.

याला गोळी हा उपचार नाहीच. डोकं एका क्रमाने फिरवून खडे परत जागेवर नेतात, एप्ली मनुव्हर म्हणतात. अमेरिकेत पोर्टलंडच्या डॉक्टर जॉन एप्लींनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली तेव्हा लोकांचा विश्वास बसला नाही, पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर पहिला उपचार तोच आहे. बऱ्याच जणांचं एक-दोन बैठकीत थांबतं. परत होऊ शकतं, तेव्हा परत करायचं. व्हिटॅमिन डी तपासून घे, ते कमी असलेल्यांमध्ये ते भरून काढल्यावर परत परत होण्याचं प्रमाण घटतं असं कोरियात झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय.

आता दुसरा प्रकार. तासन्‌तास टिकते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, नाईटनंतर येते, ऐकणं ठीक. माझा पहिला प्रश्न, तुला किंवा घरात कुणाला अर्धशिशी आहे का? गाडी लागते का लहानपणापासून? पाळीच्या आसपास वाढतं का? व्हेस्टिब्युलर मायग्रेन असा एक आजार आहे, पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत चक्कर चालते आणि त्या वेळी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही, म्हणूनच तो सुटून जातो. त्याचे निकष २०१२ मध्ये ठरले, त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या शिकण्यात तो नव्हता. मायग्रेनवाल्यांना बीपीपीव्हीही जास्त होतो, म्हणजे दोन्ही एकत्र असणं अजिबात विचित्र नाही.

स्टेमेटिलबद्दल. अटॅकच्या वेळी दोन-तीन दिवस ती चांगली आहे. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू जे स्वतःहून जुळवून घेत असतो ते मंदावतं, झोप येते, काहींना हात थरथरणं, हालचाल जड होणं असा त्रासही होतो. पण इथे वाचून एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून कर. वर्टिनचं म्हणजे बीटाहिस्टिनचं म्हणाल तर मेनिअर्ससाठी जर्मनीत झालेल्या आणि २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये खोट्या गोळीपेक्षा अटॅक कमी झाले नाहीत. निदान न करता ती वर्षभर चालू ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

ईएनटीकडे जा जिथे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि व्हीएनजी (डोळ्यांच्या हालचालीवरून तोलाची तपासणी) होतं, आणि एकदा न्यूरोलॉजिस्ट. जाताना डायरी ने, तारीख, किती वेळ, आधी काय खाल्लं, झोप किती, पाळी कधी.

आणि हे सगळ्यांसाठी, चक्करीबरोबर दोन दोन दिसलं, बोबडं बोलणं आलं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, धरूनही उभं राहता येईना किंवा आयुष्यात झालं नाही असं डोकं दुखलं तर डायरी वगैरे काही नाही, सरळ कॅज्युअल्टी. तो स्ट्रोक असू शकतो.

गोदाकाठ

माझ्या आजीला चक्कर यायची तर रोज कानात कोमट तिळाचं तेल आणि नाकात साजूक तूप, तिला बरं वाटायचं. करून बघायला हरकत नसावी.

कानगोष्ट

गोदाकाठ, हरकत आहे. आतला कान पडद्याच्या पलीकडे असतो, तेल तिथे पोचतच नाही. आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन इन्फेक्शन होतं. चांगल्या मनाने सांगताय हे कळतं, पण कानात काही घालू नका कृपया.

जालना_ब्रदर

मी आयसीयूत ब्रदर आहे. जे लिहितोय ते कुणाला आवडणार नाही पण लिहितो.

अबोली, तुझ्याबद्दल वाईट वाटतं पण पेशंटचा पण विचार करा ना सगळ्यांनी. आमच्याकडे इनोट्रॉप (हृदयाला जोर देऊन बीपी टिकवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटचा पंप बदलताना दहा सेकंद इकडे तिकडे झाले तरी बीपी पडतं. व्हेंटिलेटरचा पेशंट कुशीवर वळवताना एकाचा तोल गेला तर ट्यूब निघते. अशा वेळी माझा पार्टनर चक्कर येऊन बसला तर मी पेशंटला धरू की त्याला? वरून बऱ्याच ठिकाणी नाईटला एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, मदतीला एक मावशी, बस. सातपुडाताई म्हणतात शेजारच्या सिस्टरला हँडओव्हर द्यायचा. शेजारी सिस्टरच नसेल तर?

माझं म्हणणं एवढंच की करियर महत्त्वाचं आहे पण पलंगावर पडलेला माणूस जास्त महत्त्वाचा आहे.

सातपुडा_सिस्टर

ब्रदर, मला आवडलं तुम्ही लिहिलंत ते. शेवटचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर. नाईटला एकटीने वॉर्ड सांभाळणं हे व्हर्टिगोवालीने करू नये, मी करत नाही आणि तसं लेखी दिलंय.

अजून एक स्वतःहून सांगते. मेनिअर्समध्ये काहींना काहीही सूचना न मिळता उभ्या उभ्या कोसळल्यासारखं होतं, शुद्ध असते पण कुणीतरी ढकलल्यासारखा माणूस खाली जातो. ज्याला असं होतं त्याने बेडसाईड काम करूच नये, आणि टू व्हीलरही चालवू नये. मला तसं झालं असतं तर मी त्याच दिवशी वॉर्ड सोडला असता. त्यात नोकरीचा, पगाराचा विचार नाही करायचा.

पण ब्रदर, तुम्हीही एक बघा. आपल्या वॉर्डात रोज किती जण अंगात काहीतरी घेऊन काम करतात. डबल ड्युटी करून डोळे न उघडणारे, शुगर कमी झालेले, पाठ गेलेले, सातव्या महिन्याच्या सिस्टर. त्यांना आपण सांभाळून घेतो कारण आपल्याला माहीत असतं. पेशंटला धोका त्या सिस्टरकडून जास्त असतो जिला चक्कर येते पण नोकरी जाईल म्हणून ती कुणाला सांगत नाही. आणि ती का सांगत नाही? कारण सांगितलं की काय ऐकावं लागतं ते अबोलीने वर लिहिलंच आहे.

जालना_ब्रदर

हे मान्य. आमच्याकडे एका ब्रदरला फिट यायच्या, लपवलं होतं, ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सगळे हादरलो. आधी सांगितलं असतं तर ओपीडीला घेतला असता आनंदाने.

अबोली, मी सोड म्हणत नाहीये हां. आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर) स्क्रब आणि कॅज्युअल्टी हे तीन पक्कं निदान होऊन अटॅक आटोक्यात येईपर्यंत विसर, एवढंच.

माहेरवाशीण_लेस्टर

मी मूळची कोल्हापूरची, इथे यूकेत एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) नर्स आहे. मला बीपीपीव्ही होतो, अधूनमधून परत येतो.

इथली पद्धत सांगते कारण ज्यांना बाहेर यायचंय त्यांना उपयोग होईल. नोकरी देताना ऑक्युपेशनल हेल्थकडून फॉर्म भरून घेतात, त्यात सगळं सांगायचं. मी सांगितलं, काही बिघडलं नाही. इथे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० आहे, एखादा त्रास वर्षभर किंवा जास्त टिकणारा असेल आणि रोजच्या जगण्यावर त्याचा मोठा परिणाम होत असेल तर तो डिसॅबिलिटीत धरता येतो आणि मालकाला कामात रीझनेबल ॲडजस्टमेंट करून द्याव्या लागतात. माझ्या बाबतीत म्हणजे काय तर वरच्या फडताळातलं सामान काढायचं काम मला देत नाहीत, आणि परत सुरू झालं तर मनुव्हर करून घ्यायला त्याच आठवड्यात वेळ मिळतो. गाडी चालवण्याबद्दल मात्र कडक आहेत, अचानक येणारी आणि माणसाला निकामी करणारी चक्कर असेल तर डीव्हीएलएला (लायसन्सच्या सरकारी खात्याला) कळवायचं आणि गाडी बंद ठेवायची.

वाकायच्या वेळी मी काय करते ते सांगते, फुकटचा सल्ला आहे पण कामाला येतो. कमरेतून डोकं खाली घालायचं नाही. गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून खाली बसायचं, एक हात कठड्यावर, आणि डोळ्यांनी खाली बघायचं, मान नाही. युरोबॅग, ड्रेन, बेडचं ब्रेक सगळं असंच. सलाईन लावायला स्टँडची उंची खाली घ्यायची, बाटली डोळ्यासमोर लावायची आणि मग स्टँड वर करायचा. पेशंटला वळवताना आपण डोक्याच्या बाजूला न थांबता पायाच्या बाजूला थांबायचं, तिथे कमी झुकावं लागतं. पलंगाची उंची वाढवता येत असेल तर आधी वाढवायची, हे तर सगळ्यांनीच करावं, पाठ वाचते.

पाटीपेन्सिल

मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. अबोली, कॉलेजच्या बाजूचं मी सांगते.

सगळ्यात आधी हजेरी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि सर्टिफिकेट मिळायच्या आधी प्रत्येक प्रॅक्टिकल एरियाचे तास १०० टक्के पूर्ण करावे लागतात. म्हणजे आजारपणात पोस्टिंग बुडालं तर ते माफ होत नाही पण नंतर भरून काढता येतं. मुली घाबरून गप्प बसतात, गैरहजेरी वाढते, मग एकदम वर्ष जायची वेळ येते. तू तसं करू नकोस. अटॅक आला तर त्याच दिवशी कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या ओपीडीत कागद करून घे, तारखेसकट.

दुसरं, पोस्टिंग. मेडिकल, सर्जिकल, ओटी, प्रसूती, मुलांचा वॉर्ड, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, हे सगळं तुला करावंच लागेल, यातलं काही वगळता येत नाही. पण कधी करायचं, कुणाबरोबर करायचं, नाईट कशा लावायच्या, हे कॉलेजच्या हातात असतं. आम्ही आजारी मुलीबरोबर दुसरी स्टुडंट देतोच. ओटीला स्क्रब होताना एक जास्तीची मुलगी उभी ठेवता येते. हे मागायला लाजू नकोस.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात व्हर्टिगो असा वेगळा प्रकार नाही. बहिरेपणा आहे, पण तो दोन्ही कानांचा आणि बराच जास्त लागतो, मेनिअर्सवाल्यांचा बहुतेक वेळा एकच कान जातो. त्यामुळे त्या वाटेने फार काही मिळेल अशी आशा ठेवू नकोस, डॉक्टरांचं स्पष्ट पत्र जास्त उपयोगी पडतं.

आणि पुढचं. जीएनएम झालं म्हणजे जन्मभर वॉर्डच असं नाही. ओपीडी, लसीकरण, ब्लड बँक, डायबेटिस एज्युकेटर, शाळेतली नर्स, डेस्कवरची क्वालिटीची कामं. पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं, त्याच्यापुढे एमएस्सी करून शिकवायला ये. गावाजवळ राहायचं असेल तर आरोग्य उपकेंद्रातली सीएचओची (कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची) जागा असते, पात्रता त्या त्या जाहिरातीत बघायची. पण यातलं बहुतेक सगळं आधी बेडसाईडचा अनुभव मागतं, म्हणून म्हणते की शिक्षणाची वर्षं टाळायची नाहीत, सांभाळून पार पाडायची.

कानगोष्ट

एक सांगायचं राहिलं आणि ते या धाग्यावर सांगितलंच पाहिजे. कान आणि तोल यांचं नातं व्हिएन्नाच्या डॉक्टर रॉबर्ट बारानींनी उलगडलं, १९१४ चं नोबेल त्यासाठी मिळालं, तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. ते पेशंटचे कान पाण्याने धुवायचे तेव्हा पेशंटना चक्कर यायची. एकाने सांगितलं की पाणी गार असलं की चक्कर येते. बारानींनी नर्सला जास्त गरम पाणी आणायला सांगितलं, तिचं म्हणणं होतं की पाणी पुरेसं गरम आहे, तरी पुढच्या वेळी तिने चांगलंच गरम आणलं, आणि पेशंट ओरडला की आता गरम पाण्यानेही चक्कर येतेय. डोळे बघितले तर बुबुळं उलट दिशेला उडत होती. त्यावरून कॅलोरिक टेस्ट आली, आजही व्हीएनजी करताना आम्ही कानात गार आणि गरम पाणी किंवा हवा सोडतो. अबोली, तुझी ती टेस्ट होईल तेव्हा थोडा वेळ गरगरेल, घाबरू नकोस, तसं व्हायलाच पाहिजे. टेस्टच्या आधी चक्करीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घे.

अबोली_लातूर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, परीक्षा होती आणि मग तपासण्यांना पुण्याला जाऊन आले, आईबरोबर.

कानगोष्ट मॅडम, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. डिक्स-हॉलपाईक याआधी कुणीच केली नव्हती. उजवीकडे केली तर डोळे उडाले, तिथल्या मॅडमनी आईला पण मोबाईलवर रेकॉर्ड करून दाखवलं. तिथेच एप्ली केलं. करताना भयंकर गरगरलं, आई रडायला लागली, पण आता उजव्या कुशीवर झोपता येतं. किती महिन्यांनी!!

न्यूरोलॉजिस्टनी घरातलं विचारलं तेव्हा आई म्हणाली तिला लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे, पाळीच्या वेळी अंधाऱ्या खोलीत पडून राहते. मला हे माहीत होतं, पण माझ्या चक्करीशी त्याचं नातं असेल असं कधी वाटलंच नाही. मला लहानपणी एसटीत कायम उलटी व्हायची तेही विचारलं. व्हेस्टिब्युलर मायग्रेन लिहिलंय फाईलवर. रात्री एक गोळी दिलीय, सहा आठवडे-दोन महिने लागतील म्हणाले फरक पडायला. स्टेमेटिल बंद करायला सांगितली, फक्त मोठा अटॅक आला तर. व्हिटॅमिन डी खूपच कमी निघालं. आणि जेवण चुकवायचं नाही, नाईटच्या दिवशी पण नाही. आमच्याकडे तर नाईटला चहा-बिस्किटावरच असतो सगळ्या.

व्यायाम पण दिलेत. भिंतीवर अक्षर चिकटवून त्याच्याकडे बघत मान डावी-उजवी हलवायची. केलं की जास्तच फिरल्यासारखं होतं, हे बरोबर आहे का?

माझी अजून भीती गेलेली नाही हे खरं सांगते. पण मामाला काल सांगितलं की तलाठीचा फॉर्म भरणार नाही. बाबा फक्त म्हणाले डॉक्टरांचं पत्र प्रिन्सिपल मॅडमना कधी देणार. सोमवारी जाणार आहे. नेमकं काय मागू त्यांच्याकडे?

कानगोष्ट

बरोबर आहे. सुरुवातीला त्या व्यायामाने चक्कर थोडी वाढते, मेंदूला तेवढं डिवचल्याशिवाय तो शिकत नाही. केल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत उतरली पाहिजे, तासभर राहिली तर वेग कमी कर, बसून कर. मायग्रेनवाल्यांनी जरा हळूच वाढवायचं असतं. अटॅकच्या दिवशी करायचं नाही. इतर दिवशी थोडा थोडा वेळ, दिवसातून दोन-तीनदा. या प्रकारच्या व्यायामांची सुरुवात १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी केली, डोक्याला मार लागलेल्या सैनिकांना परत उभं करण्यासाठी. औषधापेक्षा यात कंटाळा जास्त आहे पण टिकून राहा.

जालना_ब्रदर

छान झालं. नाईटला डबा ने, पोळी-भाजी, बाराच्या आत खा. आणि पाण्याची बाटली नर्सिंग स्टेशनला नावाची चिठ्ठी लावून ठेव. आमच्याकडे नवीन मुलं सकाळी आठला कोसळतात त्यातली निम्मी उपाशी असतात.

पाटीपेन्सिल

अबोली, सोमवारसाठी. मोघम "सवलत मिळावी" असं लिहू नकोस, त्याचं कुणी काही करू शकत नाही. पत्रात निदान लिही, उपचार सुरू आहेत आणि दोन महिन्यांनी फेरतपासणी आहे ते लिही, आणि एवढंच माग: उपचाराचा परिणाम दिसेपर्यंत नाईट पोस्टिंग शेवटी लावावं, पुढे नाईट लागल्या की सलग लावाव्यात आणि मध्ये मध्ये शिफ्ट बदलू नये, वॉर्डात जोडीला एक स्टुडंट असावी, ओटीचं पोस्टिंग फेरतपासणीनंतर व्हावं, आणि अटॅक आल्यास बसायची परवानगी असावी. बुडालेले तास भरून काढायला तयार आहे हे वाक्य नक्की घाल, कॉलेजला तेच ऐकायचं असतं. क्लास टीचरला आधी भेट, त्यांना बाजूला ठेवून थेट वर गेलीस तर उगाच दुखावतील.

न्यूरोलॉजिस्टचं पत्र लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्क्यासकट हवं. मूळ प्रत देऊ नकोस, झेरॉक्स दे. तुझ्या अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर ऑफिसमधून आवक नंबर आणि तारीख घे आणि ती फाईलला लाव.

सातपुडा_सिस्टर

आणि त्या फिमेल मेडिकलच्या सिस्टरांनाही एक कॉपी नेऊन दे. स्वतः जा, सकाळचा राऊंड संपल्यावर, अकराच्या सुमारास, तेव्हा जरा निवांत असतात. बाबांना किंवा आईला बरोबर नेऊ नकोस, तुझं तूच सांग.